ज्याच्या गाडीत माल

चिंतामणी कर्णिकांनी जकात नाक्यावरच्या तीस वर्षांत ट्रकवाल्याचा घोटभर चहासुद्धा घेतला नाही, ही गोष्ट कामतघरात सगळ्यांना मान्य आहे. का घेतला नाही, यावर मात्र दोन तट आहेत. एक तट म्हणतो, माणूस देवमाणूस. दुसरा म्हणतो, देवमाणूस कसला, भित्रा. चहात कुणी जुलाबाचं औषध घातलं असलं तर, ही त्यांची धास्ती. खरं काय ते चिंतामणींनाच ठाऊक, आणि विचारलं तर ते नुसता चष्मा पुसतात.

नाक्यावरचं त्यांचं काम सोपं होतं. गाडी थांबली की मागं जायचं, ताडपत्रीचं टोक उचलायचं आणि आत काय आहे ते पाहायचं. सूत म्हणून सांगितलेल्या गाडीत कापडाचे तागे निघायचे, ताग्यांच्या गाडीत तेलाचे डबे. मग ड्रायव्हर हात जोडायचा. "साहब, ये माल मेरा नहीं, सेठ का है. मुझे तो मालूम भी नहीं." त्यावर चिंतामणींचं उत्तर ठरलेलं. "ज्याच्या गाडीत माल, त्याची जकात." समोरचा हिंदीवाला असला तरी वाक्य मराठीतच, फक्त जरा मोठ्यानं.

घरीही हाच कायदा चाले. मुलगा हरी तिसरीत असताना त्याच्या दप्तरात दुसऱ्याची कंपासपेटी सापडली. पोरगं रडून सांगत होतं, त्यानंच ठेवली, मी नाही घेतली. "दप्तर कुणाचं?" एवढं विचारून चिंतामणींनी त्याला दोन लगावल्या. हरी मोठा झाला, नाशिकला कारखान्यात लागला, आणि तेव्हापासून बापाच्या घरी फार सामान घेऊन येत नाही.

१९८६ साली चिंतामणी निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी नाक्यावरच्या मंडळींनी वर्गणी काढून त्यांना छताचा पंखा दिला. आता आपल्याकडे लग्नात दिलेल्या चमच्यावरही देणाऱ्याचं नाव कोरून घेतात, तिथं पंखा कसा सुटेल? पण पंख्यावर कोरणार कसं? मग ट्रकच्या मागं शेरशायरी रंगवणारा एक पेंटर गाठला. त्यानं पहिल्या पात्यावर लिहिलं 'श्री. चिं. रा. कर्णिक', दुसऱ्यावर 'यांस सप्रेम भेट', तिसऱ्यावर 'जकात नाका परिवार', आणि जागा उरली म्हणून कडेकडेनं लाल कमळं काढली. अख्ख्या भिवंडीत असा पंखा दुसरा नाही.

तो पंखा चाळीतल्या खोलीत लागला. कामतघर संपून नगरपालिकेचे नळ जिथं थांबतात आणि ग्रामपंचायतीचा कारभार सुरू होतो, तिथं केसरीनाथ पाटलांनी भाताचं शेत मोडून आठ खोल्यांची चाळ बांधली आहे. पलीकडच्या शेडमध्ये दिवसरात्र कापडाचे लूम. सगळे लूम चालू असले की वीज इतकी दमते की कर्णिकांचा पंखा कीर्तनकारासारखा सावकाश गिरकी घेतो. खाली पडल्या पडल्या एकेक पातं वाचता येतं. श्री. चिं. रा. कर्णिक. यांस सप्रेम भेट. जकात नाका परिवार. शुक्रवारी लूम बंद असतात. तेव्हा पंखा पळतो, पण वाचता येत नाही. चिंतामणींना शुक्रवार फारसा आवडत नाही.

निवृत्तीच्या वेळी फंड एकदम घ्यायचा की महिन्याचं पेन्शन, असा सवाल होता. चिंतामणींनी फंड घेतला. त्यातला अर्धा हरीच्या नाशिकच्या घरात गेला, अर्धा मुलीच्या, नीलाच्या लग्नात. पाणी दोन झाडांना घातलं आणि दोन्ही झाडांची सावली पडली दुसऱ्यांच्या अंगणात. चाळीत यावर पुष्कळ चर्चा झाली. फंड घ्यायला नको होता, असं तेव्हा सगळे म्हणाले. म्हणायला काय लागतं?

पुढच्या दहा वर्षांत कर्णिकांचं घर बाहेरून होतं तसंच राहिलं. भिंतीवर घड्याळ, कोपऱ्यात वेताची खुर्ची, खुंटीला इस्त्रीचा सदरा. इस्त्री म्हणजे गादीखाली घडी घालून ठेवलेला, पण कडा अशी की बोट कापावं. आतून मात्र एकेक गोष्ट निघून गेली. आधी दूध गेलं, मग संध्याकाळची भाजी गेली, मग संध्याकाळच गेली. म्हणजे जेवण दुपारी थोडं उशिरा घ्यायचं आणि त्यालाच रात्रीचं म्हणायचं.

अनसूयाबाईंची एक युक्ती होती. दर रविवारी त्या दाराशी शेगडी पेटवून एक सुका बोंबील भाजायच्या. एकच. पण असा हळूहळू, असा फिरवून फिरवून की वास पहिल्या खोलीपासून आठव्या खोलीपर्यंत जावा. कायस्थांच्या घरी रविवारी मासळी नाही म्हणजे काय? चाळीनं समजायचं ते समजावं. चाळही समजून चुकायची. शेजारची हौसा नाक उडवून म्हणायची, "काकी, आज पन बोंबील? तात्यांची मज्जा हाय!" हौसा ही लूमवर सुताची कांडी भरणारी, गावची आगरी बाई, तोंडानं तिखट. दोन्ही खोल्यांमधली भिंत एका विटेची. पलीकडं किती बोंबील शिजतात ते तिला कळत नव्हतं, असं मानायचं असेल तर मानावं.

म्हातारपणाच्या गरिबीची गंमत अशी असते. घरातल्या वस्तू पगाराच्या दिवसांच्या आणि पोट आजचं. बघणारा वस्तू बघतो.

एकदा अनसूयाबाईंनी रेटा लावला म्हणून चिंतामणी कचेरीत गेले. निराधार म्हाताऱ्यांना सरकार काहीतरी देतं, असं त्यांनी ऐकलं होतं. समोरच्या बाबूनं विचारलं, "मुलगा आहे?"

"आहे. नाशिकला."

"येतो का?"

"दिवाळीला येतो."

"येतो ना? मग झालं. निराधार म्हणजे ज्याला कुणी नाही तो. तुम्हाला आहे."

चिंतामणींना ते पटलं. कायदा म्हणजे कायदा. घरी येऊन त्यांनी बायकोला समजावून सांगितलं की आपण निराधार नाही, आपल्याला हरी आहे. अनसूयाबाई म्हणाल्या, "मग आज रात्री हरीच खाऊ या." त्यानंतर चिंतामणी बराच वेळ चष्मा पुसत होते.

मग सत्त्याण्णव साल उजाडलं आणि गरिबांची नवी मोजणी निघाली. ज्याचं नाव यादीत बसेल त्याला स्वस्त तांदूळ, स्वस्त गहू. बातमी आणली चाळमालक केसरीनाथांनी, कारण पंचायतीत त्यांची ऊठबस. ओट्यावर पाय सोडून बसले आणि म्हणाले, "मास्तर येनार हाय घरोघर. आत येऊन बघनार. ज्याच्या घरान पंखा, तो गरीब न्हाय. वरूनच तसं आलंय."

"पंखा?" चांगदेव ओरडला. चांगदेव लूमवर जॉबर, म्हणजे बिघडलेला लूम दुरुस्त करणारा. बोलणं अर्धं मुंबईचं. "अरे, पत्र्याखाली राहतो आम्ही! पंखा नाय तर काय, भट्टीत झोपायचं? गरीब माणसाला घाम येत नाय काय?"

"मना काय इचारतंस? मी बसवलाय काय नियम?"

नियम कुणीही बसवलेला असो, चाळीतल्या आठही घरांत पंखे होते. आणि केसरीनाथांची म्हातारी आई, आक्का, मागच्या खोपटात वेगळी चूल मांडून राहायची, तिच्या घरी नव्हता. आक्काला वाऱ्यानं सर्दी व्हायची. तिच्या गळ्यात ठुशी होती, बिछान्याखाली आणखी काय काय होतं असं लोक म्हणत. ती आपोआप गरीब ठरली. यादीत पहिलं नाव तिचं.

बाकीच्यांनी डोकं चालवलं. पंखे उतरवायचे, मास्तर येऊन गेला की परत चढवायचे. सोपं काम. फक्त ठेवायचे कुठं? एका खोलीच्या घरात तीन पात्यांचा पंखा लपवणं म्हणजे घोरपड उशाखाली लपवण्यासारखं.

आणि इथं चाळीनं असा हिशेब केला की दुसऱ्या कुठल्या चाळीनं केला नसता.

चिंतामणी आपला पंखा उतरवायला तयार नव्हते. अनसूयाबाईंनी सांगून पाहिलं, रागावून पाहिलं, एक दिवस बोलणंही टाकलं. त्यांची आशा आता त्या यादीवर होती. दोन वेळचा भात त्या यादीत होता. "आठवडाभर खाली ठेवला तर काय होईल?" त्या म्हणाल्या.

"सन्मानानं दिलेली वस्तू आहे. ती काय चोरीचा माल आहे, लपवायला?"

"सन्मान उकडून पानात वाढू का?"

"आणि ताडपत्रीखाली काय काय दडवतात, ते मी तीस वर्षं पाहिलंय. मी नाही त्यातला."

हे भांडण भिंतीपलीकडं नीट ऐकू गेलं. दुसऱ्या दिवशी हौसा आणि चांगदेव सगळ्या चाळीतर्फे आले. सरळ बोलणं हौसाच्या अंगी. "तात्या, तुमचा पंखा त वरच राहनार. म्हनजे तुमचं नाव कटनारच हाय. त मग आमचं सात पंखं तुमच्या घरान ठेवा ना. एक काय न आठ काय, तुमचं वाकडं काय होनार?"

अनसूयाबाई आतून बाहेर आल्या आणि तशाच आत गेल्या.

चिंतामणींनी खरं तर नाही म्हणायला हवं होतं. आदल्या दिवशीचं ताडपत्रीचं भाषण अजून हवेत होतं. पण चांगदेव म्हणाला, "तात्या, विश्वासाचा माणूस चाळीत तुम्हीच. दुसऱ्याकडं ठेवला तर रेग्युलेटर गायब होईल." आणि विश्वासाचा माणूस म्हटल्यावर चिंतामणी विरघळले. सात पंखे त्यांच्या खाटेखाली गेले. वरून त्यांनी चादर घातली, आणि तिचं टोक असं खोचलं की जन्मभर अशी टोकं उचललेल्या माणसालाच ते जमावं.

चैत्राचं ऊन असं की पत्रा पापड भाजायला घ्यावा. सगळी चाळ वारा घालत बसली. रिकामे हूक दिसू नयेत म्हणून हौसानं आढ्याला कांद्यांची माळ टांगली, चांगदेवनं पाळणा टांगला. चांगदेवचा धाकटा तेव्हा नववीत होता.

मोजणीला आले ते सावळाराम गुरुजी, पडघ्याकडच्या शाळेतले. सुट्टीच्या तोंडावर हे काम गळ्यात पडलेलं, त्यामुळे मनातून करपलेले. घरोघर फिरले, कांदे पाहिले, पाळणा पाहिला आणि पुढच्या दाराकडं वळले. शेवटी कर्णिकांकडं आले. आत पाऊल टाकताच वारा लागला, तसे मटकन खाटेवर बसले आणि पाणी मागितलं. वर पाहिलं. लूम चालू होते. पंखा गिरकी घेत होता.

"श्री. चिं. रा. कर्णिक," गुरुजींनी वाचलं. "यांस सप्रेम भेट... वा! कमळं पण आहेत."

"निरोपाचा आहे," चिंतामणी म्हणाले, आणि त्यांची मान जरा उंच झाली.

गुरुजींनी आरामात पाय हलवला. टाच चादरीला लागली आणि खाली ठण्ण झालं. त्यांनी दुसऱ्यांदा टाच मारली. पुन्हा ठण्ण. मग वाकून चादरीचं टोक उचललं.

चिंतामणी उभे होते. एवढी वर्षं ते टोकाच्या त्या बाजूला होते. या बाजूला ते पहिल्यांदाच उभे होते.

"अरे बापरे," गुरुजी म्हणाले. "दुकान आहे का?"

दारात हौसा आली होती. तिच्यामागं चांगदेव. दोघांचे चेहरे दगडासारखे.

गुरुजी मूर्ख नव्हते. कांद्यांच्या माळेला जो हूक होता तो पंख्याचाच, हे त्यांनी केव्हाच ताडलं होतं. त्यांनी आवाज खाली आणला. "आजोबा, पेन्शन आहे?"

"नाही."

"मुलगा पाठवतो?"

"येतो दिवाळीला."

"बघा, वरचा पंखा भेट आहे, तसं त्यावरच लिहिलंय. तो मी विकत घेतलेला धरत नाही, तुमचं नाव बसवतो यादीत. फक्त हे सात कुणाकुणाचे, तेवढं सांगा."

अनसूयाबाई स्वयंपाकाच्या ओट्याला टेकून उभ्या होत्या. त्यांनी नवऱ्याकडं पाहिलं ते असं की लग्नात अंतरपाट सरकल्यावरही पाहिलं नसेल. सात नावं. तोंडपाठ होती त्यांना. एका दमात सांगून होण्यासारखी.

चिंतामणींनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"खाट माझी आहे," ते म्हणाले. "ज्याच्या गाडीत माल, त्याची जकात. लिहा. आठही माझे."

"आजोबा, विचार करा."

"विचार काय करायचा? हाच नियम मी दुसऱ्यांना लावला."

गुरुजींनी मान हलवली आणि लिहिलं. अशा रीतीनं त्या वर्षी सबंध चाळीतला एकमेव श्रीमंत माणूस म्हणून चिंतामणी रामचंद्र कर्णिक यांची सरकारदरबारी नोंद झाली. आठ पंखे. केसरीनाथांच्या बंगल्यातही पाचच आहेत.

हे त्यांनी चाळीसाठी केलं की नियमासाठी, यावरही पुढं दोन तट पडले. चाळीत तट पडायला वेळ लागत नाही.

संध्याकाळी उन्हं कलली तशी सगळी मंडळी आपापला पंखा न्यायला आली. हसणं-खिदळणं चाललं होतं. "तात्या, काय बोललात हो!" वगैरे. चिंतामणी लाजत वाकले आणि पहिला पंखा ओढायला लागले. पंखा येईना. अनसूयाबाई खाटेवर बसल्या होत्या, आणि पंख्याच्या दांड्यावर त्यांचा पाय होता.

"काकी, पाय," चांगदेव म्हणाला.

"माल सुटत नाही," अनसूयाबाई म्हणाल्या.

"म्हणजे?"

"नाक्यावर माल पकडला, की जकात भरल्याशिवाय सोडतात का? विचारा यांना."

चिंतामणी वाकलेलेच. "अगं, असं काय करतेस?"

"मी काय करते? कायदा तुमचा. सरकारला लिहून तुम्ही दिलंत, आठही माझे. आता हे तुम्ही लोकांना वाटलेत तर तुम्ही सरकारशी खोटं बोललात." मग त्या चाळीकडं वळल्या. "तुम्हाला तांदूळ मिळणार आहे तो आमच्या नावावर फुली पडली म्हणून. दर महिन्याला रेशन आलं की घरटी एक माप इथं आणून टाकायचं. मग न्या पंखे."

"काकी, ही तर दादागिरी झाली!"

"दादागिरी नाही. जकात."

चांगदेव आणखी काही बोलणार होता, पण हौसा आधी हसली. अशी हसली की तिला दाराची चौकट धरावी लागली. "बाय माझे! तीस वर्सं तात्या नाक्यावर बसलं न् शिकलीस तू!" मग पदरानं डोळे पुसून म्हणाली, "देईन काकी. पन एक सांगते. रविवारचा तो बोंबील आता बंद कर. एकच बोंबील भाजतेस, आमाला काय ठाव न्हाय? भिंत हाय का जाळी?"

अनसूयाबाईंचा चेहरा उतरला. क्षणभरच. मग त्यांनी पाय उचलला.

पहिल्या महिन्याचे तांदूळ आले त्या दिवशी चिंतामणी मात्र अडून बसले. जन्मात कुणाचा चहा घेतला नाही, आता माप घेऊ? अनसूयाबाईंनी भात केला, वाफ घरभर फिरली, पण हे पानावर बसेनात. शेवटी उठले, ट्रंकेतून कोरे कागद काढले, पट्टीनं समान फाडले आणि घरोघर गेले. प्रत्येकाच्या हातात एक चिठ्ठी. 'तांदूळ एक माप, जकात पोचली', खाली सही. पावतीशिवाय घेतली तर ती लाच. पावती दिली की सरकारी काम. त्यानंतर ते जेवले, आणि चांगले जेवले.

तेव्हापासून हा क्रम चालू आहे. चांगदेव कधी माप दाबून भरतो, कधी विसरतो. तो विसरला की अनसूयाबाई त्याच्या दारात उभ्या राहतात आणि आढ्याकडं पाहतात. हौसाचं माप शिगोशीग असतं. आक्काकडं पंखा कधी नव्हताच, त्यामुळे तिला जकात लागत नाही. ती म्हणते, मी गरीब बाई, माझ्याकडून काय घेता?

पुढं एकदा कामतघरात आवई उठली की नगरपालिकांची जकातच बंद होणार. रेशनचा दिवस होता. हौसा माप घेऊन आली आणि दारातूनच ओरडली, "तात्या, ऐकलं का? जकात बंद होनार म्हनं!"

तिनं थट्टाच केली होती. पण चिंतामणींचा हात थांबला. कागद समोर, पेन हातात, आणि टोपण ते परत लावायला लागले. जकातच राहिली नाही तर पावती कसली? आणि पावती नाही तर...

अनसूयाबाई आतून म्हणाल्या, "ती नाक्यावरची. पंखे अजून फिरतायत."

हौसानं वर पाहिलं. लूम चालू होते. पंखा वाचता येत होता, हौसाला वाचता येत नव्हतं, तरी तिनं तिन्ही पाती फिरेपर्यंत पाहिलं. मग माप डब्यात ओतलं, शीग खाली सांडली ती बोटांनी गोळा करून तीही आत टाकली, आणि हात पुढं केला.

"पावती द्या, तात्या. उशीर होतोय, मना ड्युटी हाय."

चिंतामणींनी टोपण काढलं.